ठसा आणि ओळख

दिवाळीला घरी आलेल्या माणसाला कामाला लावू नये, असे माझी आई म्हणत असे. पण भाऊबिजेला बहीण आली की तिच्याबरोबर तिची मुलगीही येते, आणि भाची संगणकाच्या धंद्यातली असली की मामाचा जुना संगणक तिच्यापुढे आपोआप सरकवला जातो. यंदाही तसेच झाले. माझा संगणक माझ्यासारखाच म्हातारा झाला आहे. बटण दाबल्यापासून तो जागा होईपर्यंत माझा एक कप चहा पिऊन होतो. भाचीने त्याची नाडी पाहिली आणि निदान केले, "मामा, यंत्र चांगलं आहे. आतली प्रणाली तेवढी जड झाली आहे. मी तुला डेबियन घालून देते. हलकं असतं, आणि फुकट."

फुकट हा शब्द ऐकून बहिणीचा चेहरा उजळला; माझा मात्र थोडा उतरला. मी बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे प्रथम संशयाने पाहायचे, हा त्या नोकरीने लावलेला गुण म्हणा की अवगुण म्हणा, अजून सुटलेला नाही.

भाचीने आपल्या लॅपटॉपवर ती फाइल उतरवून घेतली. काही शे मेगाबाइटांचा ऐवज. तो हाती आल्यावर ती लगेच कामाला लागेल असे मला वाटले होते. मी म्हणालो, "झालं ना? मग घाल आता."

"थांब," ती म्हणाली. "आधी ओळख पटवू दे."

तिने काळ्या पडद्यावर काहीतरी टंकले. क्षणभराने एक लांबलचक ओळ उमटली. ० ते ९ हे अंक आणि ए पासून एफ पर्यंतची इंग्रजी अक्षरे यांची सरमिसळ. एकूण ६४ चिन्हे. मग डेबियनच्या लोकांनी फाइलबरोबर दिलेली यादी तिने उघडली. तीतही तशीच एक ओळ होती. "हे ताडायचं काम संगणकच करतो," ती म्हणाली, "पण तुला हौस असेल तर तू वाच, मी खुणा करते."

हौस म्हणजे काय! बँकेत आम्ही असेच करीत असू. एकाने आकडे पुकारायचे, दुसऱ्याने लेजरात टिंबे द्यायची. मी चष्मा पुसला आणि पुकारायला लागलो. चौसष्टावे चिन्ह जुळले तेव्हा मला, खरे सांगतो, निवृत्त झाल्यापासून प्रथमच पूर्ण दिवसाचे काम केल्याचे समाधान वाटले.

माझे काम हेच तर होते. नोकरीची पुष्कळ वर्षे मी सह्या ताडण्यात घालवली. लाकडी खणांत हजारो कार्डे. प्रत्येकावर खातेदाराची नमुन्याची सही. समोर स्लिप आली की कार्ड काढायचे, स्लिपेवरची सही त्याच्या शेजारी धरायची आणि बोट फिरवायचे. वेलांटीचा झोक, शेवटच्या अक्षराची शेपटी, नावाखालची रेघ. जुळले की पैसे, नाही जुळले की नमस्कार. त्या ६४ चिन्हांच्या ओळीत मला माझे जुने कार्ड दिसले.

या ओळीला हॅश म्हणतात. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात या शब्दाचा अर्थ बारीक चिरणे, खिमा करणे असा आहे, आणि तो येथे अगदी शोभतो. फाइल केवढीही असो, एका पत्राएवढी किंवा एका ग्रंथालयाएवढी, ती या गणिती जात्यात घातली की खाली पीठ पडते ते नेहमी तेवढेच: ६४ चिन्हे. तेच धान्य घातले तर पीठ तेच. पण पिठापासून पुन्हा धान्य करता येत नाही, तसे हॅशवरून फाइल कशी होती ते सांगता येत नाही. भाचीने मला गंमत दाखवली. एका फाइलीत तिने 'शुभ दीपावली' एवढेच लिहिले आणि तिचा हॅश काढला. मग शेवटी एक पूर्णविराम दिला आणि पुन्हा काढला. मला वाटले, ओळीच्या शेवटचे एखादे चिन्ह बदलेल. पण सबंध ओळच निराळी. जणू पहिल्या ओळीशी तिचा काही संबंधच नव्हता. एका टिंबाचा एवढा बभ्रा!

"आणि रिकामी फाइल घातली तर?" मी विचारले. तिने तेही करून दाखवले. ज्या फाइलीत एकही अक्षर नाही, तिलाही पूर्ण ६४ चिन्हांचा ठसा आहे. तो ई-३-बी-० असा सुरू होतो, आणि जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलीचा ठसा तोच. शून्यालाही इतकी नेमकी ओळख असावी, याचे मला नवल वाटले. पुष्कळ माणसांच्या वाट्याला ती येत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? फाइलीला नाव असते, आवृत्तीचा क्रमांक असतो, त्यावरून ओळखावी. पण नाव ही वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. ती कोणीही कशावरही चिकटवू शकतो. आमच्या शाखेत एकाच नावाचे तीन खातेदार होते, वडिलांच्या नावासकट. तुपाच्या डब्यावर तूप लिहिले म्हणून आत तूपच असते असे नाही, हे दिवाळीचे सामान भरणाऱ्या गृहिणीला मी सांगायला नको. हॅश हे चिकटवलेले नाव नव्हे. ते आतल्या पदार्थातूनच निघालेले नाव आहे. पदार्थ बदलला की नाव टिकत नाही.

'तेच' म्हणजे काय, हा प्रश्न फार जुना आहे. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात दिव्याचा दाखला येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच शेवटच्या प्रहरी असते काय? तीच म्हणावी तर तेल निराळे जळाले. निराळी म्हणावी तर दिवा रात्रभर एकच होता. नागसेनाने दोन्ही टोके सोडली आणि मधली वाट धरली. हॅशला हा प्रश्न घाला. तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, निराळी. आणि एका पूर्णविरामासाठीसुद्धा तो हेच सांगेल. त्याला मधली वाट ठाऊक नाही.

अशा काटेकोर साक्षीदारावर संशय घेणे म्हणजे पाप वाटते. पण काळाने त्याच्या घराण्यावरही संशय घेतलेला आहे. रॉनल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली एमडी५ नावाचे जाते तयार केले. पुष्कळ वर्षे जग त्याच्या ३२ चिन्हांवर विसंबून होते. २००४ साली शाओयुन वांग या चिनी गणितज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, दोन निरनिराळी धान्ये घालून तेच पीठ पाडता येते. ही केवळ पंडितांची करामत राहिली नाही. २०१२ साली उघडकीस आलेल्या 'फ्लेम' नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रामने याच खोटीचा उपयोग करून मायक्रोसॉफ्टची खोटी सही मिरवली होती. पुढचे जाते एसएचए-१. २०१७ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमस्टरडॅमची एक संशोधनसंस्था आणि गूगल यांच्या लोकांनी दोन वेगळ्या फाइली एकाच ठशाच्या करून त्यालाही पेन्शनीत काढले. मी ज्याची ६४ चिन्हे पुकारली ते एसएचए-२५६. त्यात संभवणाऱ्या ठशांची संख्या लिहायची तर ७८ अंक लागतात, आणि त्याला फसवणारे अजून कोणी निघालेले नाही.

पण माझा प्रश्न निराळा होता. तो गणिताचा नव्हता, कारकुनाचा होता. मी भाचीला विचारले, "ही सही जुळली खरी. पण नमुन्याचं कार्ड खरं कशावरून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मामा, तू आमच्या धंद्यात यायला हवा होतास."

कारण खरा चोर फाइल बदलील तर शेजारी लिहिलेला हॅश का बदलणार नाही? फळ्यापर्यंत ज्याचा हात पोचला त्याच्या हाती खडूही आहेच. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळावर कोणी घुसले आणि फाइलीचा दुवा बदलून लोकांना चोरदरवाजा असलेली फाइल देऊ लागले. चोरी कळल्यावर चालकांनी खरे हॅश जाहीर केले आणि आपापली फाइल ताडून पाहा म्हणून सांगितले. म्हणजे ठसा असून भागत नाही. तो भरवशाच्या हातून यावा लागतो.

म्हणून डेबियनच्या लोकांनी साखळी केली आहे. प्रत्येक फाइलीचा हॅश एका यादीत. त्या यादीचा हॅश दुसऱ्या छोट्या यादीत. त्या छोट्या यादीवर गुप्त किल्लीने केलेली गणिती सही. आणि या किल्ल्या कोणाच्या? तर माणसांच्या. या मंडळींत नव्याने शिरणाऱ्याची किल्ली खरी आहे असे आधीच्या सभासदाने आपल्या सहीनिशी सांगावे लागते. त्यासाठी हे लोक संमेलनांत एकमेकांना भेटतात, पासपोर्ट दाखवतात, फोटो आणि चेहरा ताडतात. मला फार मौज वाटली. ७८ अंकी संख्यांची ती साखळी चढत चढत वर गेले की टोकाला दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी असतात! आमच्याकडे तरी दुसरे काय होते? नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. 'मी यांना ओळखतो' असे लिहून तो खाली सही करी, आणि ती सही मी ताडीत असे.

इतके ऐकल्यावर माझे मन निर्धास्त व्हायला हरकत नव्हती. पण भाचीने चकली मोडता मोडता मला २०२४ सालची हकीकत सांगितली, आणि मी पुन्हा अस्वस्थ झालो.

एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. फाइली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम; पण तो जगभरच्या असंख्य संगणकांत बसलेला असतो. तो सांभाळणारा मूळ माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणी एक जण त्याला मदत करू लागला. चांगले काम, नम्र भाषा, चिकाटी. दुसऱ्या काही नावांनी पत्रे येत, की काम फार सावकाश चालले आहे, नव्या माणसाला अधिकार द्या. हळूहळू अधिकार त्याच्याकडे आले. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये त्याने दोन नव्या आवृत्त्या सर्वांसाठी बाहेर काढल्या. दुष्ट भाग त्याने चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता. आणि तो जागा करणारी किल्ली, जी सर्वांना दिसणाऱ्या खुल्या वहीत नव्हती, ती वाटपाच्या गाठोड्यात घातली होती. या गाठोड्यांचा हॅश पाहाल तर चोख. सही पाहाल तर अधिकाऱ्याची. ओळख सगळी पटत होती. फक्त आत विष होते.

ऐकताना मला एक जुनी स्लिप आठवली. आमच्या शाखेतले एक म्हातारे शेतकरी खातेदार. त्यांच्या मुलाने एक दिवस मोठ्या रकमेची स्लिप आणली. मी कार्ड काढले. सही हुबेहूब होती. पैसे दिले. महिन्याभराने म्हातारे स्वतः आले आणि पासबुकाकडे पाहत उभे राहिले. इस्पितळाचे कागद म्हणून मुलाने चार ठिकाणी सह्या घेतल्या होत्या. त्यांत ही एक. मी कार्ड दाखवले. ते म्हणाले, "सही माझीच आहे, साहेब. मी कुठं नाही म्हणतोय?" तो माणूस भांडला असता तर बरे झाले असते. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती. सही जुळली होती. सही जुळते की नाही एवढेच मला विचारलेले होते, आणि एवढेच मी सांगितले होते.

हॅशही इतकेच सांगतो. ही फाइल ती फाइल आहे. ती चांगली आहे, असे तो म्हणत नाही. ती तुमच्या हिताची आहे, असेही म्हणत नाही. त्याची जीभ फार संयमी आहे. ठाऊक आहे तेवढेच बोलते. माणसांत हा गुण दुर्मीळ आहे. चूक आपली होते. आपण त्याला विचारतो, "हा तोच का?" तो म्हणतो, "होय." आणि आपण ऐकतो, "याच्यावर विश्वास ठेवा."

मग ते एक्सझेडचे विष सापडले कसे? ते कोणा पहारेकऱ्याला सापडले नाही. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता आपले दुसरेच काहीतरी मोजीत होता. त्याच्या लक्षात आले की दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! डोळ्याची पापणी एकदोनदा लवेल इतका वेळ. दुसरा कोणी म्हणाला असता, असेल काहीतरी. हा म्हणाला नाही. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, एकेक पदर उलगडत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळ्या जगाला सावध केले. ती आवृत्ती बहुतेक ठिकाणी अजून चाचणीच्या पायरीवरच होती. म्हणून मोठा अनर्थ टळला.

भाची म्हणाली, "याच्या उलटही होतं, मामा. हॅश जुळत नाही, पण गुन्हा काहीच नसतो." मूळ मजकूर तोच, कृती तीच, आणि दोन संगणकांनी तयार केलेल्या फाइलींचे ठसे मात्र निराळे. का? तर एकाने आत घड्याळातली वेळ लिहून ठेवली, दुसऱ्याने आपल्या कपाटाचे नाव, तिसऱ्याने जिन्नस वेगळ्या क्रमाने मांडले. बहीण मध्येच म्हणाली, "म्हणजे आईचीच कृती, पण तिच्या चकलीसारखी माझी होत नाही, तसंच ना?" अगदी तसेच. डेबियनमध्ये २०१३ पासून लोक या कामाला वाहून घेऊन बसले आहेत. ते न जुळणारी फाइल खोटी म्हणून फेकून देत नाहीत आणि खरी म्हणून डोळे झाकून घेतही नाहीत. का जुळली नाही, याचे कारण शोधतात. घड्याळ असेल तर घड्याळ काढतात, क्रम असेल तर क्रम लावतात. मग कोणीही, कोठेही, तीच फाइल घडवून ठसा ताडू शकतो. म्हणजे एकट्याच्या शब्दावर विसंबायला नको.

ती हे उत्साहाने सांगत होती. माझे लक्ष मात्र 'जुळत नाही' या दोन शब्दांपाशी थांबले होते. आमच्याकडे त्यांचा रबरी शिक्का होता. तो मी नोकरीत किती वेळा मारला असेन याची गणती नाही. त्यांतला एक मला विसरता येत नाही.

पंचवीसेक वर्षे झाली. दिवाळीच्या सुट्ट्या लागायचा आदला दिवस. काउंटरसमोर दाराबाहेरपर्यंत रांग. त्या रांगेतून शेजारच्या पोराचा हात धरून आमच्या शाळेच्या बाई आल्या. मी पहिलीत असताना पाटीवर माझा हात आपल्या हातात धरून त्यांनी मला अक्षरे गिरवायला शिकवली होती. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हे गावात सर्वांना ठाऊक होते; मलाही होते. त्यांनी पेन्शनच्या खात्याची स्लिप पुढे केली. मी कार्ड काढले. कार्डावर ते जुने, मोत्यासारखे अक्षर. स्लिपेवर काही रेघा एकमेकींना धरून कशाबशा उभ्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, जुळत नाही. पुन्हा एकदा करा." त्यांनी पुन्हा केली. ती पहिलीपेक्षा वाईट आली. तिसरी तिच्यापेक्षा वाईट. रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. अशा खातेदारांसाठी वाट होती. अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. छापील कागद माझ्याच खणात होता. पण अधिकारी जेवायला गेले होते, रांग मोठी होती, आणि या सगळ्याला अर्धा तास तरी लागला असता. मी शिक्का मारला आणि म्हणालो, "सुट्ट्या संपल्या की या, बाई. तेव्हा बघू."

त्या रागावल्या नाहीत. स्लिपेकडे पाहून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. नाहीच जुळत." डाव्या हाताने त्यांनी पिशवी सावरली आणि त्या गेल्या. मागाहून मला कळले की, त्यांची सेवा करणाऱ्या बाईला दिवाळीचे पैसे द्यायला म्हणून त्या आल्या होत्या. ते त्यांनी शेजाऱ्यांकडून उसने घेतले. त्या पुन्हा आमच्या काउंटरवर आल्या नाहीत. पुढचे सगळे व्यवहार त्यांच्या पुतण्याने रीतसर कागद करून पाहिले. मी त्यांच्या घरी जाईन जाईन म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

मी काय तपासले होते? सही. ती जुळत नव्हती, हा माझा निर्णय बरोबर होता. बाईंनीही तो मान्य केला. पण समोर कोण उभे आहे, असे मला कोणी विचारले असते तर मी झोपेतही उत्तर दिले असते. ज्या हाताने मला अक्षर दिले, त्याचेच अक्षर मी नापास केले. आणि तेही मोठ्या तत्त्वासाठी नव्हे. अर्धा तास वाचावा म्हणून.

पुष्कळ दिवस मी याचा दोष नियमाला देत असे. नियम आंधळा, ठसा आंधळा, माणूस तेवढा डोळस, असे म्हटले की बरे वाटते. पण ते खरे नाही. नियम आंधळा नव्हता. त्यानेच अंगठ्याची सोय केली होती. आणि माणूस नेहमी डोळस असतो असेही नाही. एक्सझेडमध्ये जो फसवला गेला तो ठसा नव्हता, ओळखीच्या माणसावर ठेवलेला विश्वास होता. बाईंना मी चेहऱ्यावरून पैसे द्यायला हवे होते, असे मी आजही म्हणणार नाही. चेहऱ्यावर पैसे देणारी बँक फार दिवस टिकायची नाही. खोट्या सह्या मी पकडल्या आहेत, आणि त्या पकडल्या म्हणून कितीएक गरिबांचे पैसे वाचले आहेत. फाइल उतरवताना ६४ च्या ६४ चिन्हे जुळलीच पाहिजेत. तेथे ६३ वर दयामाया नको.

प्रश्न आहे तो ठसा पाहून झाल्यानंतरचा. जुळला, तर तेवढ्याने निजायचे काय? जुळला नाही, तर तेवढ्याने हाकलायचे काय? एका माणसाने सगळे जुळत असताना अर्ध्या सेकंदाची चौकशी केली. मी काही जुळत नसताना अर्धा तास दिला नाही. तेथे ठशाची परीक्षा नव्हतीच. त्याचे काम चिन्हे सांगून संपले होते. पुढचे काम माझे होते, आणि मी ते काम त्याच्याच नावावर खपवले.

फाइलीने बदलू नये, हा तिचा धर्म आहे. माणसाला तो लावता येत नाही. दहाव्या वर्षी आणि सत्तराव्या वर्षी ज्याचा ठसा तोच निघेल तो माणूस नव्हे, दगड. माणसाचा हात थरथरतो, आवाज जातो, कधी नावेही आठवेनाशी होतात. आणि तरी घरची माणसे त्याला ओळखतात. ती कशावरून ओळखतात ते कोणत्याही खणातल्या कार्डावर लिहिलेले नसते. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढे खरे.

मागच्या महिन्यात मी बँकेत गेलो होतो. आता कार्डे नाहीत. नमुन्याची सही संगणकाच्या पडद्यावर येते. काउंटरवर माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा होता. त्याने माझी स्लिप पाहिली, पडद्यावर पाहिले, पुन्हा स्लिप पाहिली. मला ती नजर ओळखीची होती. तो म्हणाला, "आजोबा, सही जुळत नाही."

मी हात पुढे करून पाहिला. बोटे हलकेच थरथरत होती; मला ते आजवर जाणवले नव्हते. मागे रांग होती. मी स्लिप उचलून निघणार होतो. इतक्यात तो मुलगा आपल्या जागेवरून उठला, काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि एक खुर्ची माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, "बसा तुम्ही. नव्या सहीचा नमुना घेऊन टाकू. वेळ लागेल थोडा, पण आजच होईल."

त्याला मी कोण, काय, काहीच ठाऊक नव्हते. मी बसलो, आणि नमुन्याच्या चौकटीत, अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखी, सावकाश सही केली.